आधी कसबा, मग जोगेश्वरी: पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीतल्या क्रमाची पार्श्वभूमी

अनंत चतुर्दशीला सकाळी मंडईतल्या टिळक पुतळ्यापाशी आरती होते आणि कसबा गणपतीची पालखी हलते. लोकांना दिसते ती मिरवणूक इथून पुढची. त्याआधी पोलीस, महापालिका आणि मंडळांच्या बैठकांवर बैठका झालेल्या असतात, आणि त्यांत वाद फिरून फिरून एकाच मुद्द्यावर येतो: कोण कोणाच्या पुढे?

हा प्रश्न उत्सवाइतकाच जुना आहे. ग्वाल्हेरचा दरबारी गणेशोत्सव पाहून आलेले कृष्णाजीपंत खासगीवाले, भाऊसाहेब रंगारी आणि घोटवडेकर यांनी पुण्यात सार्वजनिक गणपती बसवले, टिळकांनी ‘केसरी’तून त्याला बळ दिलं आणि बघता बघता पेठापेठांत मंडप उभे राहिले. गणपती वाढले तशी पुढे जाण्याची चढाओढ सुरू झाली. 1894 साली वाद टिळकांपर्यंत गेला आणि त्यांनी निवाडा केला, असं पुण्यात पिढ्यान् पिढ्या सांगतात. कसबा हे ग्रामदैवत, तो पहिला. तांबडी जोगेश्वरी ही ग्रामदेवता, तिचा गणपती दुसरा. पुढे गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा अशी मानाच्या पाच गणपतींची रांग ठरली. यातला गुरुजी तालमीचा गणपती तर सार्वजनिक उत्सवाच्याही आधीचा, 1887 सालचा. हिंदू आणि मुसलमान कुटुंबांनी मिळून बसवलेला, हे आवर्जून सांगायला हवं.

वय, श्रीमंती किंवा गर्दी पाहून हा क्रम ठरला नाही, म्हणूनच तो टिकला असं मला वाटतं. 2022 साली लक्ष्मी रस्त्यावरच्या, म्हणजे मिरवणुकीच्या मुख्य मार्गावरच्या, या अग्रक्रमाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं, पण याचिका फेटाळली गेली. क्रम मात्र कागदावर सोपा आणि रस्त्यावर अवघड. बेलबाग चौकातून अलका चौकापर्यंतचा लक्ष्मी रस्ता सुमारे दीड किलोमीटरचा. टिळक, केळकर आणि कुमठेकर रस्त्यांवरची मंडळंही शेवटी त्याच अलका चौकात येतात. म्हणजे चार नद्या एका मोरीतून काढायच्या.

मिरवणूक लांबते ती मंडळांमधल्या अंतरामुळे. पूर्वी मेळे (गाणी-पदं म्हणणारे गट), लेझीम आणि बँड असत. साठ-सत्तरच्या दशकांत ज्ञानप्रबोधिनी, रमणबाग यांसारख्या शाळांच्या पथकांनी ढोल-ताशाला शिस्तीचं रूप दिलं आणि आज एकेका मंडळापुढे दोन-तीन पथकं असतात. नदीकाठच्या शेडमध्ये पाऊस अंगावर घेत महिना-दीड महिना सराव केलेली ही मुलं बेलबाग चौकात पोहोचली की त्यांना वाजवायचंच असतं. चौकात गोल धरला, ध्वज नाचला, टोलाने (धातूच्या घंटेने) लय पकडली, ढोलावरचं टिपरू (काठी) आणि थापी (हाताची थाप) जुळली, ताशाने पुढचा हात सुरू केला, की दहा मिनिटं कुठे गेली कळत नाही. तोवर पुढचा गणपती पार लांब निघून गेलेला असतो. मागे उभ्या मंडळांच्या कार्यकर्त्यांना, आणि रात्रभर उभ्या पोलिसांना, ती दहा मिनिटं नंतर तासांनी फेडावी लागतात. तरीही त्या मुलांना ‘पुढे चला’ म्हणताना जीव होत नाही, हे मी दोर धरून उभा असताना अनुभवलंय.

दुसरी अडचण रात्रीची. रोषणाईचे रथ अंधारातच खुलतात, म्हणून अनेक मंडळांना रात्रीचा नंबर हवा असतो. पण ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार उत्सवात सवलत मिळाली तरी रात्री बारापर्यंतच. बारा वाजले की स्पीकर बंद होतात, आणि बरीच मंडळं आहेत तिथेच थांबून सकाळी सहाची वाट पाहतात. मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत का चालते, याचं अर्धं उत्तर या सहा तासांत आहे.

रथांची उंचीही वाढत गेली. रथावर एक कार्यकर्ता बांबू घेऊन उभा असतो. आडवी वायर आली की ती अलगद उचलायची आणि खाली ओरडून गाडी पुढे घ्यायची. संभाजी पुलावरून, म्हणजे आपल्या लकडी पुलावरून, मेट्रोचा मार्ग आडवा गेला तेव्हा मंडळं रस्त्यावर उतरली ती याच उंचीसाठी. आता उंच रथांचा वरचा भाग खाली घेण्याची सोय करावी लागते.

2020 आणि 2021 ही करोनाची वर्षं मिरवणुकीविना गेली. मानाच्या गणपतींचंही विसर्जन मंडपातच झालं. त्यानंतर 2023 साली दगडूशेठ हलवाई गणपतीने मोठा बदल केला. पहाटेपर्यंत थांबण्याची वर्षानुवर्षांची रीत सोडून दुपारी चारला, मानाच्या गणपतींमागोमाग निघायचं ठरवलं. त्याच रात्री विसर्जन झालं. पहाटे दगडूशेठ पाहायला गावोगावाहून येणारी माणसं त्या वर्षी दुपारीच रस्त्याकडेला बसली होती.