तुटलेल्या पिनेची साक्ष

आमच्या वऱ्हाडात आकाशपाळण्याला आकाशपायना म्हणतात. मागे एका यात्रेत मी त्यावर बसण्याआधी वाकून त्याच्या बुडाशी पाहत होतो, तर तिकीट फाडणारा पोरगा हसला. "काय पाह्यता काका? लय वर्साचा हाये हा पायना. काही नाही होत." त्यानं धीर द्यायला सांगितलेलं वयच नेमकं मला नको होतं.

कुंपणाची तार तोडायला पक्कड हाताशी नसली की आपण ती इकडून तिकडे वाकवत बसतो. एका झटक्यात न तुटणारी तार पंधरा-वीस वेळा वाकवली की मुकाट्यानं दोन तुकडे होते. पोलादाचंही तसंच होतं, फक्त फार सावकाश. पेलवेल एवढाच भार पुन्हा पुन्हा आला-गेला, तरी एखाद्या वेल्डिंगच्या कडेला किंवा बोल्टच्या आट्याच्या तळाशी केसाएवढी चीर पडते आणि दर फेरीला किंचित पुढे सरकते. याला धातूचा थकवा म्हणतात. 1842 साली व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या रेल्वेच्या इंजिनाचा आस तुटून पन्नासच्या वर माणसं गेली, तेव्हा चांगलं लोखंड असं अचानक कसं तुटलं याचा युरोपभर खल झाला. पुढे जर्मन रेल्वे अभियंता ऑगस्ट व्होलरनं आस फिरवून फिरवून तोडले आणि कोणत्या ताणाला किती फेऱ्या टिकतात याचा हिशेब मांडला.

पाळण्याचा ढोबळ हिशेब आपणही करू. मिनिटाला 6 फेरे, खेळ 4 मिनिटांचा, रात्रीत 40 खेळ: म्हणजे 960 फेरे. बहिरमसारखी महिनाभराची यात्रा धरली तर जवळपास 29 हजार. खाली असताना ओढला जाणारा आरा वर गेला की दाबला जातो, म्हणजे दर फेऱ्याला तार एकदा वाकवल्यासारखंच. झोका घेणाऱ्या पाळण्यात तर हे आणखी जोरात होतं. लंबक आडव्यापासून सुटून तळाशी आला की दांड्यावर बसलेल्यांच्या वजनाच्या तिप्पट ओढ येते. साठ किलोचा माणूस तिथे क्षणभर एकशेऐंशीचा असतो.

म्हणूनच "ऐनवेळी तुटला" हे वाक्य मला कधी पटत नाही. पाळण्याचे सांधे जोडणारी पिन तुटली, तर ती भिंगाखाली धरून पाहा. एका कडेला गुळगुळीत भाग असतो, त्यावर नदीच्या ओसरत्या पाण्यानं रेतीवर ठेवाव्यात तशा वळ्या. तिथे चीर हळूहळू वाढत होती. उरलेला भाग खरबरीत, दाणेदार, ताजा चमकणारा. तो शेवटच्या क्षणी तुटला. गुळगुळीत भाग मोठा आणि खरबरीत छोटा असेल, तर भार फार नव्हता, पण चीर कितीतरी दिवस कुणी पाहिली नाही. उलट असेल तर वाजवीपेक्षा जास्त भार पडल्याचा संशय घ्यावा. गुळगुळीत भाग गंजून काळवंडला असेल तर चीर जुनी. दोष तपासणाऱ्याचा की चालवणाऱ्याचा, याचा अर्धा जबाब इथेच मिळतो.

पण अपघातानंतर पहिला पकडला जातो तो बटण दाबणारा पोरगा. 2017 साली अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या मेळ्यात 'फायर बॉल' पाळण्याची आसनं धरणारा दांडा मोडला आणि एक तरुण गेला. त्याच दिवशी पाळण्याची तपासणी झालेली होती. तो पोकळ दांडा आतून गंजून त्याचा पत्रा पातळ झाला होता, असं डच उत्पादकानं नंतर जाहीर केलं. बाहेरचा रंग पाहून आतला गंज कोणाला दिसणार? त्यासाठी ध्वनिलहरींनी जाडी मोजावी लागते. इंग्लंडच्या ऑल्टन टॉवर्स या करमणूक उद्यानातल्या रोलर कोस्टरवर 2015 साली अपघात झाला, तेव्हा मात्र आधी काहीच मोडलेलं नव्हतं. पुढे रिकामा डबा अडकलेला असताना यंत्रानं आपोआप थांबवलेला सोळाजणांचा डबा तंत्रज्ञांनी तो थांबा डावलून सोडला आणि तो पुढच्यावर आदळला. न्यायालयानं दंड ठोठावला तो कंपनीला, 50 लाख पौंड. तंत्रज्ञांना चुकू न देणारी पद्धतच कंपनीनं घालून दिली नव्हती.

आपल्याकडे आणखी एक वाटेकरी आहे, काळी माती. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. पाळणा ठोकल्यावर अवकाळी पाऊस पडला की एका पायाखालचा ओंडका बोटभर खचतो, भार उरलेल्या पायांवर सरकतो आणि कालपर्यंत सरळ ओढली जाणारी पिन आज वाकू लागते. पाळणेवाला बाहेरगावचा, त्याला ही माती ठाऊक नाही. जागा देणाऱ्या गावाला मात्र पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

तिकिटामागे "स्वतःच्या जबाबदारीवर बसावे" छापलं म्हणून मालक सुटत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 106 निष्काळजीपणानं झालेल्या मृत्यूसाठी आणि कलम 289 यंत्राबाबतच्या हयगयीसाठी आहे. तिकीट घेतलं की 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा दरवाजाही उघडतो. पण पुरावा हवा ना! क्रेन येते, सांगाडा कापतात, भंगार विकलं जातं. पंचनाम्याच्या वेळी कुणीतरी हौसेनं दोन तुकडे जुळवून पाहतो आणि त्या नाजूक वळ्या घासून जातात. तुकडे न धुता, न जुळवता, वेगवेगळ्या कोरड्या कापडात ठेवायला हवेत.

त्या रात्री मी पोराला नटांवरची पांढरी रेघ दाखवायला सांगितली. आवळल्यावर नट आणि बोल्टवरून एकच सरळ रेघ ओढतात. नट फिरला की रेघ तुटते. त्याला माहीत नव्हतं. त्यानं मिस्त्रीला हाक मारली. मिस्त्री मोबाईलचा उजेड पाडत एकेक पाय पाहत गेला, तिसऱ्यापाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "पाना आन रे. अन्‌ खेळ बंद ठेव जरासा."