प्रमोशन प्ले-ऑफ (इंग्लिश फुटबॉल)

इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगच्या खाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू असे तीन डिव्हिजन आहेत, प्रत्येकात २४ टीम, आणि प्रत्येक टीम सीझनभरात ४६ मॅच खेळते. एवढं खेळून झाल्यावर वरच्या टीम सरळ प्रमोट होतात, पण एक जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली असते आणि तिच्यासाठी मे महिन्यात चार टीममध्ये जी छोटी नॉकआउट स्पर्धा होते ती म्हणजे प्ले-ऑफ. चॅम्पियनशिप आणि लीग वनमध्ये पहिल्या दोन टीम डायरेक्ट वर जातात आणि तिसरी ते सहावी प्ले-ऑफ खेळतात, लीग टूमध्ये पहिल्या तीन डायरेक्ट आणि चौथी ते सातवी प्ले-ऑफला (२०२४-२५ पर्यंतचा फॉरमॅट हा).

चॅम्पियनशिप आणि लीग वनच्या सेमीफायनलला तिसरी विरुद्ध सहावी आणि चौथी विरुद्ध पाचवी, दोन-दोन लेग (म्हणजे दोघांच्या घरी एकेक मॅच आणि दोन्हीचे गोल मिळून निकाल), दुसरा लेग टेबलात वर असलेल्या टीमच्या घरी. बस, वर असल्याचा फायदा तेवढाच. आयपीएलमध्ये पहिल्या दोन टीमना हरल्यावर अजून एक चान्स मिळतो तसं इथे काही नाही. फायनल एकच मॅच, बरोबरी झाली तर एक्स्ट्रा टाइम, मग पेनल्टी.

तशी कल्पना जुनीच आहे. १८९३ ते १८९८ या काळात पहिल्या (तेव्हाच्या सगळ्यात वरच्या) आणि दुसऱ्या डिव्हिजनच्या टीममध्ये 'टेस्ट मॅच' व्हायच्या, पण १८९८ ला स्टोक आणि बर्नली दोघांनाही पहिल्या डिव्हिजनमध्ये जागा मिळवायला बरोबरी पुरेशी होती, मग काय, दोघांनी मिळून असा ०-० खेळला की ती पद्धतच बंद करावी लागली. आत्ताचे प्ले-ऑफ १९८५ ला क्लबांमध्ये झालेल्या हीथ्रो करारातून आले. पहिल्या डिव्हिजनच्या २२ टीमच्या २० करायच्या होत्या आणि त्यासाठी केलेली ही दोन वर्षांची तात्पुरती सोय होती. म्हणूनच १९८७ आणि १९८८ ला वरच्या डिव्हिजनची तळाजवळची एक टीमही यात असायची. १९८७ ला चार्लटनने लीड्सला हरवून आपली जागा वाचवली (तेव्हा फायनलही दोन लेगची असायची, दोन्ही मिळून बरोबरी झाल्याने तिसरी मॅच घ्यावी लागली), आणि १९८८ ला चक्क चेल्सी मिडल्सब्रोकडून हरून खाली गेली. चेल्सीच्या नव्या फॅन्सना हे सांगितलं तर खरं वाटत नाही.

१९९० पासून फायनल वेम्बलीवर व्हायला लागली. स्टेडियम पाडून नवीन बांधत होते तेव्हा, म्हणजे २००१ ते २००६, ती कार्डिफच्या मिलेनियम स्टेडियमवर झाली. वेम्बलीवरच्या पहिल्याच वर्षी दुसऱ्या डिव्हिजनची फायनल वादात सापडली: स्विंडनने संडरलंडला १-० हरवलं, पण खेळाडूंना नियमाबाहेर पैसे दिल्याच्या प्रकरणात स्विंडनचं प्रमोशन काढून घेतलं आणि हरलेली, टेबलात सहावी असलेली संडरलंड वर गेली. तिसऱ्या नंबरवर असलेल्या न्यूकॅसलच्या लोकांचं काय झालं असेल याची कल्पनाच केलेली बरी, कारण सेमीमध्ये त्यांना हरवणारीही संडरलंडच.

चॅम्पियनशिपच्या फायनलला 'फुटबॉलमधली सगळ्यात महागडी मॅच' म्हणतात आणि ते खोटं नाही. प्रीमियर लीगच्या टीव्हीच्या पैशामुळे २०२५ ला जिंकणाऱ्याला पुढच्या तीन सीझनमध्ये किमान २०० मिलियन पाउंड मिळतील असा डेलॉइट या सल्लागार कंपनीचा अंदाज होता, आणि पुढच्याच वर्षी परत खाली आलं तरी पॅराशूट पेमेंट (खाली आलेल्या क्लबला सावरायला मिळणारे पैसे) मिळतंच.

आता न्याय-अन्यायाचं बोलायचं तर हा प्रकार सरळ सरळ अन्यायकारकच आहे. त्या २०२५ च्या फायनलला शेफिल्ड युनायटेडचे ९० पॉइंट होते आणि संडरलंडचे ७६, युनायटेड १-० पुढे पण होती, आणि तरी ९५ व्या मिनिटाला टॉम वॉटसनच्या गोलने संडरलंड २-१ जिंकली. त्याच सीझनला लीग टूमध्ये वॉल्सॉल जानेवारीत १२ पॉइंटने पहिली होती, घसरत चौथी आली आणि फायनलला एएफसी विम्बल्डनकडून हरली. पण याची दुसरी बाजू अशी की प्ले-ऑफ नसते तर मार्चनंतर निम्म्या टीमना खेळायला कारणच उरलं नसतं, आणि आता दहाव्या-बाराव्या नंबरची टीमसुद्धा एप्रिलपर्यंत सहाव्या जागेचं गणित करत बसते. तात्पुरती सोय टिकली ती यामुळे.

आणि ड्रामा तर विचारू नका. १९९८ ला चार्लटन आणि संडरलंड ४-४, पेनल्टीवर चार्लटन ७-६. १९९९ ला तिसऱ्या स्तरावर (हो, मँचेस्टर सिटी तिथे होती) सिटी जिलिंगहॅमविरुद्ध ९० व्या मिनिटापर्यंत ०-२ मागे होती, हॉरलॉक आणि डिकॉव्हने बरोबरी केली आणि पेनल्टीवर सिटी जिंकली. २०१३ च्या सेमीत लेस्टरच्या नॉकार्टची शेवटच्या क्षणाची पेनल्टी वॉटफर्डच्या अल्मुनियाने अडवली आणि काही सेकंदांत दुसऱ्या टोकाला ट्रॉय डीनीने गोल मारला. २०१७ ला हडर्सफील्ड ५६ गोल मारून ५८ खाऊन, म्हणजे मायनस गोल डिफरन्स घेऊन प्रीमियर लीगला पोचली. २०२३ ला शेफिल्ड वेन्सडे पहिला लेग पीटरबरोला ०-४ हरली, घरी ५-१ जिंकली, पेनल्टीवर फायनलला गेली आणि फायनल १२३ व्या मिनिटाच्या गोलवर जिंकली.

सहावी येऊनही नशीब उजळल्याचं मोठं उदाहरण म्हणजे ब्लॅकबर्न रोव्हर्स. १९९२ ला सहाव्या नंबरवरून प्ले-ऑफ जिंकून ते नव्या कोऱ्या प्रीमियर लीगमध्ये आले आणि १९९५ ला चॅम्पियनच झाले. हाच क्लब २०१० पासून आपल्या पुण्याच्या व्यंकीज ग्रुपकडे आहे, २०१२ ला तो प्रीमियर लीगमधून खाली आला, आणि २०२३ ला सहाव्या संडरलंडइतकेच ६९ पॉइंट असून गोल डिफरन्सवर सातवा, २०२५ ला परत सातवा, यावेळी दोन पॉइंट कमी पडले.