डिमेन्शिया : जेवण, उपवास आणि मेंदूचा रक्तप्रवाह

मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के. तरीही विश्रांतीच्या वेळी हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे १५ टक्के वाटा आणि शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनचा सुमारे २० टक्के वाटा एकटा मेंदू घेतो. प्रौढ माणसात १०० ग्रॅम ऊतीमागे मिनिटाला सरासरी ५० मिलिलिटर रक्त वाहते. ग्लुकोजचा म्हणावा असा साठा मेंदूत नसतो, म्हणून पुरवठ्यात खंड पडलेला त्याला चालत नाही. निरोगी माणूस भरपेट जेवला किंवा एक वेळ उपाशी राहिला, तरी मेंदूचा एकूण रक्तप्रवाह फारसा हलत नाही. रक्तदाब थोडा वर-खाली झाला तर मेंदूच्या लहान धमन्या रुंद किंवा अरुंद होतात आणि प्रवाह सांभाळतात. या यंत्रणेला स्वनियमन म्हणतात.

डिमेन्शियात हे सगळे कोलमडते असा सर्रास समज आहे, पण तो ढोबळ आहे. डिमेन्शिया, म्हणजे स्मृती आणि विचारशक्ती ढासळत जाणे, हा काही एकच आजार नाही. जेवणाचा परिणाम काय होईल, हे मुळात कोणता आजार आहे त्यावर ठरते. अल्झायमरमध्ये मेंदूच्या मागच्या बाजूचा मधला भाग आणि कानशिलावरचा, पार्श्व भाग यांचा प्रवाह सुरुवातीपासून घटलेला असतो. स्वनियमन मात्र सौम्य अवस्थेत बऱ्याच अंशी शाबूत राहते. ल्यूई बॉडी प्रकारात (चेतापेशींत प्रथिनांच्या गाठी साचणाऱ्या) रक्तप्रवाहाची खरी गडबड मेंदूबाहेर, रक्तदाब आपोआप सांभाळणाऱ्या स्वायत्त चेतासंस्थेत असते. रक्तवाहिन्यांमुळे होणाऱ्या डिमेन्शियात खोलवरच्या बारीक धमन्या कडक झालेल्या असतात आणि रक्तदाब घसरला की त्यांच्या टोकाशी असलेल्या पांढऱ्या द्रव्याला, म्हणजे मेंदूचे भाग जोडणाऱ्या तंतूंना, झळ आधी बसते.

जेवणाचा सर्वांत ठळक परिणाम रक्तदाबावर दिसतो. अन्न आतड्यात उतरले की आतड्याकडे जाणारे रक्त दुपटीच्या आसपास वाढते. तरुण शरीर नाडीचा वेग वाढवून आणि हातापायांच्या वाहिन्या आवळून ही तूट भरून काढते. वयस्क माणसात, विशेषतः पार्किन्सन, ल्यूई बॉडी डिमेन्शिया किंवा जुना मधुमेह असेल तर, ही भरपाई अपुरी पडते. जेवणानंतर २ तासांत वरचा रक्तदाब २० मिमी किंवा त्याहून जास्त उतरला, तर त्याला जेवणोत्तर रक्तदाब-घट म्हणतात. वैद्यकाचे या प्रश्नाकडे नीट लक्ष गेले ते १९८३ मध्ये, लुईस लिप्सिट्झ आणि सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातील रहिवाशांवर केलेल्या अभ्यासामुळे.

घरच्यांना ही घट रक्तदाब म्हणून दिसत नाही. आजोबा जेवून उठतात, अर्ध्या-पाऊण तासात पेंगू लागतात, हाक मारली तर उशिरा ओ देतात, उभे राहताना तोल जातो. ‘जेवण अंगावर आले’ म्हणून सोडून दिले जाते. जेवणापूर्वी एकदा आणि नंतर तासाभरात दर पंधरा मिनिटांनी रक्तदाब मोजण्याचा पट्टा बांधून आकडे लिहून ठेवले की उलगडा होतो. पोट जितक्या वेगाने रिकामे होते आणि साखर जितकी झपाट्याने आतड्यात पोहोचते, तितकी घट मोठी. म्हणूनच गोड, पिठूळ आणि एकदम भरपूर जेवण जास्त नडते. थोडे थोडे पण अधिक वेळा खाणे, जेवणाआधी पाणी पिणे आणि नंतर लगेच न उठणे हे साधे उपाय बऱ्याच जणांना पुरतात. रक्तदाबाच्या गोळ्यांची वेळ जेवणाशी जुळून येत असेल तर ती डॉक्टरांकडून बदलून घ्यावी लागते. पिष्टमय पदार्थांचे शोषण मंदावणारे अकार्बोजही काहींना दिले जाते.

भूक आणि तृप्तीचे जाळे ही वेगळी बाब. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पेट (PET) स्कॅन अभ्यासात, म्हणजे किरणोत्सारी द्रव्य टोचून मेंदूचे काम दाखवणाऱ्या तपासणीत, ३६ तास उपाशी ठेवलेल्या निरोगी पुरुषांमध्ये अधश्चेतक (भुकेचे नियंत्रण करणारा हायपोथॅलॅमस) आणि इन्सुला (शरीराच्या आतल्या जाणिवा टिपणारा भाग) यांसारख्या भागांचा प्रवाह वाढलेला दिसला. पोट भरल्यावर कपाळामागच्या भागाचा वाढला. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात, म्हणजे कपाळामागचा आणि कानशिलाजवळचा मेंदू झिजवणाऱ्या प्रकारात, झीज नेमकी याच जाळ्यात होते. रुग्ण पोट भरले तरी खात राहतो, गोडाच्या मागे लागतो. त्याला हावरट म्हणणे हा अन्याय आहे. थांबायचे सांगणारा भागच झिजलेला असतो.

उपवासात चित्र पालटते. यकृतातला ग्लायकोजेनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा ओसरू लागला की चरबीपासून कीटोन तयार होतात. दीर्घ उपासमारीत मेंदूचे निम्म्याहून अधिक इंधन कीटोनच असतात, हे जॉर्ज केहिल यांच्या गटाने १९६७ मध्ये दाखवले. अल्झायमरमध्ये ग्लुकोज वापरण्याची क्षमता घटते, कीटोन वापरण्याची मात्र बरीचशी टिकून राहते. म्हणून या विषयाबद्दल एवढी उत्सुकता. १९९६ च्या एका प्रयोगात निरोगी व्यक्तींच्या शिरेतून कीटोन सोडल्यावर मेंदूचा रक्तप्रवाह ३९ टक्क्यांनी वाढला आणि ग्लुकोजचा वापर ३३ टक्क्यांनी घटला. आकडा मोठा आहे, पण प्रवाह वाढला म्हणजे स्मरणशक्ती सुधारली असे होत नाही. शिवाय अल्झायमरच्या रुग्णाचे वजन बहुधा आधीच उतरत असते. त्यात पाणीही कमी पडले तर उभे राहताच रक्तदाब खाली येतो.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील (साखर उतरवणाऱ्या) गोळ्या चालू असतील तर उपवास सरळ धोक्याचा. साखर फार खाली गेली की मेंदूचा रक्तप्रवाह वाढतो, पण त्या रक्तात साखरच नसल्याने तूट भरत नाही. जेवलो की नाही हे न आठवणारा माणूस औषध मात्र घेऊन बसतो, आणि त्यातून आलेला गोंधळ मूळ आजाराच्या खात्यावर जमा होतो. अचानक बरळणे किंवा घाम दिसला तर पहिल्यांदा साखर तपासावी.

तपासण्यांनाही जेवणाचे हे गणित चुकत नाही. ग्लुकोजवर आधारित पेट स्कॅनआधी किमान ४ तास उपाशी राहावे लागते. रक्तातील साखर चढलेली असेल तर निरोगी मेंदूचे चित्रही अल्झायमरसारखे येऊ शकते. एमआरआयच्या एका पद्धतीत मानेतल्या रक्तातील पाण्यावर चुंबकीय खूण केली जाते आणि ते मेंदूत पोहोचेपर्यंत सुमारे २ सेकंद थांबून चित्र घेतले जाते. इंजेक्शन लागत नाही. वृद्धांच्या वाकड्यातिकड्या धमन्यांतून रक्त उशिरा पोहोचले तर प्रवाह आहे त्यापेक्षा कमी दिसतो. कॉफीचा एक मोठा कपही हा प्रवाह सुमारे एक चतुर्थांशाने घटवू शकतो. वर्षभराने तेच स्कॅन पुन्हा काढायचे असेल तर दिवसाची तीच वेळ, जेवणानंतरचे तेवढेच अंतर आणि कॉफीचा तोच नियम पाळावा लागतो. नाहीतर दोन चित्रांतला फरक आजाराचा की न्याहारीचा, हे सांगता येत नाही.