दोर सुटत का नाही?

मेक्सिकोतल्या युकातानची जमीन म्हणजे चुनखडीचा खडक आणि त्यावर मातीचा पातळ थर. तिथले माया लोक दोरासाठी शेकडो वर्षं हेनेकेन लावत आले. हेनेकेन म्हणजे आपल्या घायपाताचीच एक जात. तिची पर्णरंध्रं रात्री उघडतात, दिवसा मिटतात, म्हणून कोरड्या दिवसांतही ती तग धरते.

जून पान कापायचं, फळीवर दाबून धरायचं आणि लाकडी पात्याने गर खरवडून काढायचा. काम किचकट आणि खाजरं. रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते कातडीत रुततात. इतकं करून शंभर किलो ओल्या पानांतून वाख, म्हणजे दोराचा तंतू, निघतो जेमतेम चार किलो!

खरी गंमत वळण्यात आहे. वाखाचे दोन पुंजके उघड्या मांडीवर शेजारी ठेवून तळहाताने गुडघ्याकडे लोटले, की दोन्ही पुंजक्यांना, म्हणजे पेडांना, वेगवेगळा पीळ बसतो. मग ते एकत्र करून हात मागे घ्यायचा. आता ते एकमेकांभोवती उलट्या दिशेने वळतात. प्रत्येक पेड आपला पीळ सोडू पाहतो, पण तो ज्या दिशेने सुटणार, त्याच दिशेने दोघांचा एकत्र पीळ असतो. म्हणून सुटण्याच्या धडपडीत दोर आवळत जातो. वर ताण आला की तंतू एकमेकांवर दाबले जातात, घर्षण वाढतं. त्यामुळे मीटरभराच्या तंतूंतून हवा तेवढा लांब दोर होतो, फक्त सगळे जोड एकाच जागी येऊ द्यायचे नाहीत. तीन पेडी नायलॉनच्या दोरातही हाच उलटसुलट पीळ असतो.

ग्वातेमालात आतित्लान सरोवराकाठच्या सान पाब्लो ला लागुना गावचे त्झुतुहिल माया अशाच वाखाच्या पिशव्या आणि झुले करतात. जाळीदार पिशवीचे फासे भार पडताच ताणतात, त्यामुळे रिकामी असताना मूठभर दिसणारी पिशवी बरंच सामान पोटात घेते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या कापणीयंत्रांना पेंढ्या बांधायला सुतळी लागू लागली आणि युकातानचे जमीनदार गबर झाले. राबले मात्र कर्जात अडकवलेले माया मजूर. त्याबद्दल खरं तर वेगळाच लेख हवा.

घायपात आपल्याकडेही अमेरिका खंडातूनच आलं. बांधावर कुंपण म्हणून रुजलं, आणि मातंग समाजातल्या कारागिरांनी त्याच्या वाखापासून दावी, कासरे, नाडे वळून गावोगावची शेती बांधून दिली.