समाजविज्ञानाचा सरकारी धोरणात वापर (महाराष्ट्र)

समाजविज्ञानाचा सरकारी धोरणात वापर म्हणजे साध्या भाषेत सांगायचं तर अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, समाजशास्त्र या विषयांतल्या लोकांनी गावोगाव फिरून जे शोधलं ते जीआरमध्ये, बजेटमध्ये आणि शेवटी तहसील कचेरीत पोचणं. महाराष्ट्रात ही परंपरा जुनी आहे आणि तिचा मोठा भाग पुण्यातल्या गोखले राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र संस्थेभोवती घडला, म्हणून या नोंदीत तिथूनच सुरुवात केलीय.

ही संस्था १९३० मध्ये रावबहादूर काळे यांनी भारत सेवक समाजाला दिलेल्या देणगीतून उभी राहिली. पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ, ते १९६६ पर्यंत त्या खुर्चीवर होते. गाडगीळांची पद्धत आधी पाहणीची होती, म्हणजे पुण्यात फळं कशी विकली जातात, मुंबई इलाख्यात मोटार बसचा धंदा कसा चालतो, पुणे शहरातली कुटुंबं किती कमावतात, असले त्या काळी कोणाला फार 'विद्वत्तेचे' न वाटणारे प्रश्न घेऊन त्यांनी माणसं कामाला लावली. १९४८ चा गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचा अभ्यास तर खास आहे. सरकार कालव्याचा हिशोब पाणीपट्टी किती आली यावर करायचं, गाडगीळांनी विचारलं की कालव्यामुळे शेतकऱ्याचं उत्पन्न, मजुराचं काम, बाजारपेठ यात काय फरक पडला तेही धरायला नको का, आणि प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष असे दोन्ही फायदे मोजून दाखवले. आज कुठल्याही धरणाच्या कागदात लाभ-खर्चाचं कोष्टक असतंच, पण तेव्हा ही नवी गोष्ट होती. त्याच प्रवरेच्या पट्ट्यात पुढे विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने लोणीला सहकारी साखर कारखाना निघाला तेव्हा त्याचे पहिले चेअरमन हेच गाडगीळ. अभ्यास करणारा आणि त्यावर उभी राहणारी संस्था चालवणारा माणूस एकच, हे आपल्याकडे फार कमी वेळा घडलंय.

१९६७ ला ते योजना आयोगाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्राची मदत कशी वाटायची यासाठीचं 'गाडगीळ सूत्र' १९६९ चं, त्यात ६० टक्के वजन लोकसंख्येला होतं. प्रत्येक जिल्ह्यासाठी एक बँक नेमायची ही जी अग्रणी बँक योजना आहे तिच्या मागेही त्यांच्याच अभ्यासगटाची शिफारस आहे.

पण या विषयातला सगळ्यात मोठा धडा गाडगिळांनंतरचे संचालक वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांच्या कामातून मिळतो. १९७१ च्या जानेवारीत या दोघांनी भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास छापला. माणशी रोज २२५० कॅलरी हा आधार धरून १९६०-६१ च्या किमतीत महिना माणशी खर्च खेड्यात १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये अशी रेघ त्यांनी मारली, आणि राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवरून दाखवलं की खेड्यातले सुमारे ४० टक्के आणि शहरातले सुमारे ५० टक्के लोक या रेघेखाली आहेत. उपाय काय, तर सार्वजनिक कामं काढून मजुरी द्या, कारण जमीन वाटून सगळ्यांना पुरणार नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झालाय. नमुना पाहणी, म्हणजे थोडी घरं निवडून केलेली पाहणी, 'किती' हे सांगते, 'कोण' हे सांगत नाही. चाळीस टक्के गरीब आहेत हे कळतं पण वाडीतलं कुठलं घर गरीब ते त्यातून कळत नाही, आणि कळावं म्हणून ती पाहणी केलेलीच नसते. प्रशासनाला मात्र नावं लागतात, कारण धान्य, कर्ज, घरकुल हे टक्क्याला देता येत नाही, माणसाला द्यावं लागतं. म्हणून मग बीपीएलच्या (दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांच्या) याद्या आल्या, आणि वरून किती टक्के धरायचे ते ठरलेलं असल्यामुळे खाली कोणाचं तरी नाव कापावं लागायचं. आपल्या गावात ट्रॅक्टरवाल्याचं नाव यादीत आणि विधवा बाई बाहेर, असं ज्याने पाहिलंय त्याला हे वेगळं सांगायला नको. यात ग्रामसेवकाचा दोष असेलही पण मूळ चूक ही की मोजायला केलेल्या साधनाचा वापर निवडायला केला.

हा 'कोण'चा प्रश्न रोजगार हमी योजनेनं यादी न करताच सोडवला, आणि माझ्या मते समाजविज्ञान व प्रशासन यांचं महाराष्ट्रात याहून चांगलं जमलेलं उदाहरण नाही. तिचे जनक वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती, प्रयोगाची सुरुवात १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातून. १९७२ ला योजना राज्यभर घेतली आणि त्याच वेळी भीषण दुष्काळ पडल्यामुळे ती काही काळ दुष्काळी कामातच मिसळून गेली, १९७३ च्या मे महिन्यात जवळपास ५० लाख माणसं त्या कामांवर होती. खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव, बंडिंग म्हणजे शेतात बांध घालणं. नंतर योजना पुन्हा स्वतंत्र उभी राहिली, १९७५ च्या कायद्याने पगारदारांवर व्यवसाय कर बसवला आणि तेवढीच भर सरकारने घालायची असं ठरलं, १९७७ ला हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला.

युक्ती अशी की काम अंगमेहनतीचं आणि मजुरी बेताची, त्यामुळे ज्याला खरंच गरज आहे तोच येतो. कोण गरीब हे तलाठ्याने ठरवायचं नाही, येणाऱ्याने स्वतः ठरवायचं. मागणी केल्यावर १५ दिवसांत काम, साधारण ५० मजूर जमले की काम सुरू, खर्चातला किमान ६० टक्के भाग मजुरीवर. मागणी आणि पैसा कलेक्टरकडे, काम मात्र पाटबंधारे, बांधकाम, कृषी अशा खात्यांकडे. बायका मोठ्या संख्येने आल्या, कारण काम घराजवळ आणि मजुरी कामाच्या मोजमापावर असल्यामुळे मालकाच्या मर्जीचा प्रश्न कमी होता. मस्टरवर (मजुरांच्या हजेरीपटावर) खोटी नावं, मोजमापात मारलेले पैसे, मजुरीला महिनोन्‌महिने उशीर, हे सगळं झालं आणि त्यावर मोर्चेही निघाले, पण मोर्चा काढता आला याचं कारण काम हा कायद्याने दिलेला हक्क होता. १९८५ मध्ये रथ यांनी कर्ज देऊन गरिबी हटवण्याच्या केंद्राच्या कार्यक्रमावर जी टीका केली तिचा रोखही हाच होता, फार थोडी कुटुंबं कर्जातून वर येतात, बाकीच्यांना मजुरीचं काम हवंय. २००५ चा राष्ट्रीय रोजगार हमी कायदा याच अनुभवावर उभा राहिला.

दांडेकर-रथ यांच्या दारिद्र्याच्या रेघेवर अभ्यासकांच्या आतूनही जोरदार वाद झाला. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे म्हणत होते की माणसाच्या शरीराची गरज दर दिवसाला आणि माणसागणिक बदलते, त्यामुळे सरासरी कॅलरीची एकच रेघ मारली की भुकेल्यांची संख्या फुगते. दांडेकरांना हे मान्य नव्हतं. वर्षानुवर्षं लेख-प्रतिलेख चालले. सरकारने मात्र १९७९ मध्ये खेड्यासाठी २४०० आणि शहरासाठी २१०० कॅलरी असा आकडा घेतला आणि पुढे गेलं, वादातली शंका फाईलमध्ये गेलीच नाही.

दुसरं उदाहरण अनुशेषाचं, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या भागांची जी भरपाई बाकी आहे तिचं. १९८३ मध्ये दांडेकरांच्याच अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली, तिने पाटबंधारे, रस्ते, वीज, शिक्षण, आरोग्य अशा ९ क्षेत्रांत राज्याची सरासरी काढून प्रत्येक जिल्हा किती मागे आहे ते पैशात मांडलं. १९८४ चा निष्कर्ष : एकूण ३१८६.७८ कोटी, त्यात विदर्भ १२४६.५५, मराठवाडा ७५०.८५ आणि उर्वरित महाराष्ट्र ११८९.३८ कोटी. भावना म्हणून जे भाषणात बोललं जायचं त्याला पहिल्यांदा हिशोब मिळाला, आणि हे फार मोठं काम होतं. पण लोकांच्या लक्षात राहिले ते विभाग. उर्वरित महाराष्ट्राचाही अनुशेष जवळजवळ विदर्भाएवढा निघालाय, कोकण आणि पश्चिम महाराष्ट्रातले दुष्काळी पट्टे त्यात आहेत, हे क्वचितच बोललं जातं. शिवाय जिल्ह्याची सरासरी काढली की पाणीवाला तालुका आणि साताऱ्यातल्या माण-खटावसारखा कोरडा तालुका एकाच आकड्यात झाकले जातात, म्हणजे पुन्हा तेच, किती कळलं पण कोण ते नाही. १९९४ मध्ये घटनेच्या कलम ३७१ (२) खाली या तीन विभागांसाठी विकास मंडळं आली, नंतरच्या निर्देशांक व अनुशेष समितीने हिशोब नव्याने केला तेव्हा तो १४ हजार कोटींवर गेलेला होता. मंडळांची मुदत एप्रिल २०२० ला संपली.