वेखंड: नाव एक, प्रकार तीन आणि १९६८ ची बंदी

वेखंड चरकसंहितेत 'वचा' या नावाने येते, तेही लेखनीय म्हणजे मेद खरवडून काढणाऱ्या द्रव्यांत. नंतरच्या वैद्यपरंपरेत ते गोमूत्रात उकळून शुद्ध केल्याशिवाय वापरायचे नाही असा दंडक पडला. मात्रा जास्त झाली की उलटी होते, हे वैद्य जाणून होते. सोळाव्या शतकात भावप्रकाश या आयुर्वेदग्रंथाने वचा हे नाव कुलिंजनाला आणि चोपचिनीलाही लावले. वेखंड दलदलीत वाढते, त्या दोन्ही वनस्पतींचा दलदलीशी काही संबंध नाही, त्यामुळे जुना पाठ वाचताना नेमकी कोणती वचा हे आधी पाहावे लागते.

युरोपात वेखंड उशिरा पोहोचले. १५७४ मध्ये इस्तंबूलहून आलेले कंद व्हिएन्नाच्या एका बागेत लावले गेले आणि तिथून ते तळ्याकाठी, ओढ्याकाठी पसरत गेले. गंमत अशी की तिकडच्या झाडाला बी धरतच नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी पानासारख्याच दिसणाऱ्या दांड्याच्या कडेतून बोटाएवढे हिरवट-पिवळे कणीस तिरके बाहेर येते, त्यावर बारीक फुले दाटीने बसलेली असतात, पण फळ पिकत नाही. सगळा प्रसार चिखलात आडव्या वाढणाऱ्या कंदाच्या तुकड्यांवर.

याचे कारण विसाव्या शतकात कळले. वेखंडाच्या पेशीत गुणसूत्रे २४, ३६ किंवा ४८ असतात. युरोपातले झाड ३६ वाले, त्रिगुणित म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच असलेले, म्हणून वांझ. उत्तर अमेरिकेतले मूळचे झाड २४ वाले, द्विगुणित. आशियात ४८ वाले, चतुर्गुणितही सापडते. दिसायला तिन्ही जवळपास सारखी, चुरडलेल्या पानाला तोच गोडसर उग्र वास. फरक तेलात आहे: बीटा-असारोन हे द्रव्य द्विगुणित झाडात जवळजवळ नसते, त्रिगुणितात बेताचे असते आणि चतुर्गुणितात तेलाचा बहुतांश भाग तेच व्यापते.

हे ध्यानात घेतले की १९६८ चा निर्णय खटकतो. त्याआधी जम्मूकडच्या वेखंडाचे तेल उंदरांना दीर्घकाळ खाऊ घातले गेले होते आणि त्यांच्या लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात गाठी आढळल्या होत्या. त्यावरून अमेरिकी नियामकांनी वेखंड, त्याचे तेल आणि अर्क खाद्यपदार्थांत घालायला सरसकट मनाई केली. तपासले गेले ते बीटा-असारोनने भरलेले तेल, बंदी आली ती नावावर. उत्तर अमेरिकेतले स्थानिक समाज पिढ्यान्‌पिढ्या ज्याचा कंद चघळत आले, ते असारोनरहित द्विगुणित झाडही त्याच नावाखाली गेले. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला वेगळी जाती मानले, तरी बंदीच्या मजकुरातले नाव तेच राहिले. उंदरांवरचा निष्कर्ष मी कमी लेखत नाही. चतुर्गुणित वेखंड पोटात घेताना सावधच राहायला हवे. पण वनस्पतीला शिक्षा करण्यापेक्षा द्रव्य मोजणे शहाणपणाचे होते. युरोपीय संघाने नंतर बरेचसे तेच केले: मद्यांत बीटा-असारोन किलोमागे १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको अशी अट घातली, आणि स्वादद्रव्यांसाठी बंदी घातली ती फक्त चतुर्गुणित प्रकारावर.

दरम्यान वर्गीकरणही बदलले. अळूच्या कुळात गणलेले वेखंड आता स्वतंत्र गणात आहे आणि इतर सर्व एकदलींपासून सर्वांत आधी फुटलेली शाखा मानले जाते.

लागवड आजही कंदाच्याच तुकड्यांनी होते. कोंब असलेला तुकडा चिखलात उथळ, आडवा दाबायचा आणि जमीन कोरडी पडू द्यायची नाही. पाने पिवळी पडून वाळू लागली की कंद उपटायचे, मुळ्या छाटायच्या, तुकडे करून सावलीत वाळवायचे. तुकड्यातून उगवलेले रोप मूळ झाडाची हुबेहूब प्रत असते, गुणसूत्रांसकट आणि तेलासकट. म्हणून तुकडा घेतानाच मूळ झाड कोणत्या प्रकारचे हे विचारून ठेवावे. रोप वाढल्यावर ते नुसत्या पानावरून ओळखणे अवघड जाते.