किनाऱ्यावरचं शेवाळ म्हणजे कचरा? नाही बुवा!

नागपूरहून मालवणला जाऊन आलेली मंडळी हमखास सांगतात, ‘किनाऱ्यावर शेवाळाचा नुसता कचरा, उचलत कसे नाहीत?’ अंबाझरी तलावातली जलपर्णी काढताना पाहिलेल्या डोळ्यांना तसं वाटणारच. पण तलावाचा न्याय समुद्राला लागत नाही.

भाचीने पिशवीतून आणलेलं सरगॅसम, म्हणजे हेच समुद्री शेवाळ, मी निरखून पाहिलं. तपकिरी फांद्यांना ज्वारीच्या दाण्याएवढे पोकळ फुगे, त्यांच्याच जोरावर ते तरंगतं. किनाऱ्याला लागलं की वाऱ्याने उडणारी वाळू त्यात अडकते, ढीग वाढतो. कुजून खत झालं की मर्यादवेलीसारख्या वेली मूळ धरतात आणि वाळूची टेकडी जागेवर राहते. ‘मिठाने झाडं मरतील’ ही भीतीही फुकाची. बरंचसं मीठ पावसात धुऊन जातं, आणि या वेलींना खारं वारं काही नवं नाही. अमेरिकेत टेक्सासच्या गॅल्व्हस्टनला तर शेवाळाचे दाबून गठ्ठे केले आणि टेकड्यांच्या पोटात पुरून पाहिले.

वास येतो, हे मान्य. जाड थर सडला की कुजक्या अंड्यासारखा. मग ते टेकडीच्या पायथ्याशी सरकवावं. जेसीबीने उचललं तर सोबत वाळूही ट्रकमध्ये जाते. प्लास्टिक मात्र आधी हाताने वेचावं लागतं.